ई-सिगारेट : औषध म्हणून नियमन

बॅटरीवर तापणाऱ्या तारेने द्रवाचे बारीक तुषार करून ते ओढण्याचे उपकरण. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. तंबाखूचे पान नसते आणि काही जळतही नाही. तिचे आजचे रूप चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी 2003 मध्ये सिद्ध केले. सिगारेट सोडवण्याचे साधन म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि त्यातूनच वाद उभा राहिला : व्यसन सोडवणारी वस्तू असेल, तर तिने औषधाचा परवाना का घेऊ नये? भारतात हा वाद 2019 च्या बंदीने मिटला असे समजले जाते. प्रत्यक्षात बंदीच्या कायद्यानेच तो थोडा उघडा ठेवला आहे.

नाशिक जिल्ह्यावरून पाहिले तर वादाचे मूळ चटकन कळते, कारण इथे निकोटिन अनेक वेशांत वावरते. सिन्नर हे विड्या वळण्याचे जुने केंद्र. तिथले भिकुसा यमासा क्षत्रिय हे विडी उद्योगातले मोठे नाव, आणि नाशिकचे बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. विडी आणि सिगारेट यांना 2003 चा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा, म्हणजे ‘कोटपा’, लागू होतो. या कायद्यात जाहिरातीवर बंदी आहे, पाकिटावर इशारा सक्तीचा आहे, पण विक्री चालू आहे. गुटख्याचे निकोटिन मात्र अन्नाच्या कायद्यात सापडले. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालण्यास मनाई करणाऱ्या 2011 च्या नियमाचा आधार घेऊन महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये गुटखाबंदी केली आणि पुढे दरवर्षी आदेश काढून ती चालू ठेवली. तरीही शेजारच्या राज्यांतून येणारा माल मुंबई-आग्रा महामार्गावर पकडला जातोच. द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधे ज्या कायद्याखाली येतात, त्या 1968 च्या कीटकनाशक कायद्यात निकोटिन सल्फेटही आहे. देशात त्याच्या वापराला मनाई असून उत्पादनाची मुभा केवळ निर्यातीसाठी आहे. आणि औषधाच्या दुकानात निकोटिनचे च्युइंगम मिळते, ते औषध म्हणून : 2 मिलिग्रॅमचे चिठ्ठीशिवाय, 4 मिलिग्रॅमचे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. रेणू एकच, पण तो पाकिटात, पुडीत, बाटलीत की गोळीत आहे यावर कायदा ठरतो.

ई-सिगारेट यांपैकी कशातच नीट बसेना. पान नाही म्हणून कोटपा लागू करणे अवघड, आणि खाण्याची वस्तू नाही म्हणून अन्नकायदाही दूर. उरला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940. पंजाबने हाच मार्ग धरला आणि विनापरवाना औषध विकल्याबद्दल 2016 मध्ये मोहालीच्या न्यायालयाने एका विक्रेत्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2018 रोजी ई-सिगारेटची विक्री होऊ देऊ नये असे सूचनापत्र राज्यांना पाठवले. फेब्रुवारी 2019 मध्ये औषध महानियंत्रकांनी राज्यांच्या औषध नियंत्रकांना परिपत्रक पाठवून विक्री रोखण्यास सांगितले. मार्च 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. प्रथमदर्शनी ही वस्तू ‘औषध’ या व्याख्येत येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. ग्राहकाला ‘सिगारेट सुटेल’ असे सुचवणारे व्यापारी न्यायालयात मात्र ‘हे औषध नव्हे’ असे सांगत होते. अमेरिकेतही हेच घडले होते : उपचाराचा दावा केला नसेल तर ई-सिगारेट औषध नव्हे, तंबाखू उत्पादन होय, असा निकाल वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये ‘सोटेरा’ प्रकरणात दिला. परवान्यासाठी मात्रा, शुद्धता, चाचण्या सगळेच सिद्ध करावे लागते. खर्च आणि वर्षे दोन्ही जातात. पानटपरीवर विकता येणारी वस्तू त्या चाळणीतून नेण्यात बहुतेक कंपन्यांना रस नव्हता.

मे 2019 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. 18 सप्टेंबरला वटहुकूम आला, त्याचा कायदा डिसेंबरमध्ये झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात या सर्वांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा बाळगल्यास सहा महिने किंवा पन्नास हजार. जुना साठा जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचा होता. झडती-जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलिसाला मिळाला. म्हणजे नाशिकमध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे जाऊ पाहणारा विषय फौजदाराच्या टेबलावर गेला. मात्र व्याख्येतच एक अपवाद आहे : औषध कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादन ई-सिगारेट ठरत नाही.

इतर देशांनी हाच अपवाद मुख्य रस्ता करून पाहिला. ब्रिटनने 2013 मध्ये सर्व ई-सिगारेटी औषध ठरवण्याचे जाहीर केले, पण युरोपीय संसदेने तसे होऊ दिले नाही. 2015 मध्ये तिथे एका ई-सिगारेटला औषधाचा परवाना मिळाला, ती बाजारात मात्र आली नाही. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर 2021 पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, जुलै 2024 पासून विक्री फक्त औषध दुकानांत आणली आणि ऑक्टोबरपासून कमी मात्रेचा माल प्रौढांना चिठ्ठीशिवाय देण्याची मुभा दिली.

वैद्यकीय पुरावा दोन्ही बाजूंना पुरतो. 2019 मधील एका ब्रिटिश चाचणीत 886 जणांपैकी ई-सिगारेट घेतलेल्या गटातील 18 टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते. गम-पट्टीच्या गटात 9.9 टक्के. पण ई-सिगारेट गटातल्या या यशस्वी लोकांपैकी 80 टक्के ती वर्षाअखेरही ओढतच होते.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर एक आकडा या वादाला बाजूला सारतो. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे 3.8 टक्केच. मशेरी लावणाऱ्या बाईला किंवा मावा चघळणाऱ्या हमालाला वाफेचे यंत्र काय कामाचे? सिगारेट सोडवण्याच्या युक्तिवादावर ब्रिटनमध्ये धोरण उभे राहू शकते. नाशिक, धुळे, जळगावमध्ये त्याचा पाया अरुंद आहे. उलट महाविद्यालयीन मुलांच्या हाती स्वादाचे निकोटिन पडण्याची भीती इथे खरी होती, आणि बंदीच्या बाजूने तोच मुद्दा वजनदार ठरला. तरीही जाळून ओढायची विडी दुकानात आणि न जळणारी वस्तू गुन्ह्यात, ही विसंगती कायद्याने सोडवलेली नाही.

नाशिकमध्ये तंबाखू सोडू पाहणाऱ्याला निकोटिनचे कायदेशीर औषध च्युइंगम, चघळण्याची गोळी आणि त्वचेवरची पट्टी या रूपांत मिळते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर आहे.