उतरलेला ट्रक, राहिलेला माल

१९९९ साली कोकण रेल्वेने मालाने भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला नेण्यास सुरुवात केली. ट्रक उतरला की मालही जातो, वाघीण रिकामी. मूळ संगणकप्रणालीला जोडायचा पूरक कार्यक्रम, म्हणजे प्लगइन, मात्र असा उतरत नाही.

संकेतस्थळे बनविण्याच्या 'वर्डप्रेस' प्रणालीत प्लगइनची सोय २००४ मध्ये आली. प्लगइन बंद केला तरी त्याने डेटाबेसमध्ये केलेल्या नोंदी तिथेच राहतात. वापरणाऱ्याच्या हे सोयीचेच आहे. चाचणी घेणाऱ्याची मात्र फसगत होते: पुन्हा बसवलेली आवृत्ती जुन्या नोंदींच्या आधारे निमूट चालते आणि कोऱ्या संगणकावर अडते. काढताना पसारा आवरण्याची सोय २००८ मध्ये मिळाली, तीही प्लगइन लिहिणाऱ्याच्या मर्जीवर! म्हणून चाचणीपूर्वी आम्ही फाइली पुसून थांबत नाही, डेटाबेसही कोरा करतो.

दुखणे जुनेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. अशा कड्या वीज गेली तरी आधीचे आकडे धरून ठेवतात. पुढच्या आज्ञावलीने आपल्या जागा आधी शून्य केल्या नाहीत, तर तिच्या बेरजेत मागच्याचे आकडे शिरणार.