जाकू, जेम्स, याकोब

माझा जन्म २५ जुलैचा. आमच्या वसईत तेव्हा आवणी ऐन भरात असते. सुईण शेतातून उठून चिखलाच्या पायांनीच घरात शिरली, असं आजी सांगायची. नाव शोधावं लागलं नाही. २५ जुलै हा सेंट जेम्सचा सण आणि आमच्या आगाशीचं देऊळ त्याच्याच नावाचं. (चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात.) पाद्रीबाबांनी लॅटिनमधल्या नोंदवहीत 'याकोबुस' लिहिलं, मास्तरांनी शाळेच्या पटावर 'जेम्स' आणि आजीनं दोघांनाही न विचारता 'जाकू' केलं.

पुढं निवृत्तीच्या वेळी एका कचेरीत यातले दोघे समोरासमोर आले. कारकुनानं दोन दाखले शेजारी ठेवले, चष्मा वर सारला आणि म्हणाला, "इथं जेकब आहे, तिथं जेम्स. हे दोन वेगळे इसम झाले." माझ्या मागं रांग होती. त्याला दोन हजार वर्षांची गोष्ट सांगायला वेळ नव्हता. ती इथं सांगतो.

आजीच्या गोष्टीतला संत जाकू गालीलच्या तळ्यावर जाळी टाकणारा. "आपल्या अर्नाळ्याच्या कोळ्यांसारखा," ती म्हणायची, "फक्त त्याच्याकडं बोंबील नव्हते." येशूनं हाक मारली, जाळी तिथंच टाकून तो निघाला. पुढं हेरोद राजानं तलवारीनं त्याला मारलं. हे सांगताना ती सुपातले तांदूळ निवडायची थांबायची, मग पुन्हा निवडू लागायची.

त्याचं मूळ हिब्रू नाव याकोव. जुन्या करारातला याकोब जन्मताना थोरल्या भावाची टाच धरून आला, म्हणून त्या नावाचा संबंध टाचेशी जोडतात. ग्रीकांनी त्याचं 'याकोबोस' केलं, रोमनांनी 'याकोबुस'. पोर्तुगीज-स्पॅनिश मुलखात 'संत याको'चं 'सांतियागो' झालं. पुढं कुणीतरी ते भलत्याच ठिकाणी तोडलं आणि 'तियागो' हे नवंच नाव निघालं. इंग्रजांकडं ते फ्रान्समार्गे 'जेम्स' होऊन पोचलं. म्हणून इंग्रजी बायबलात जुन्या करारात जेकब आणि नव्यात जेम्स. मराठी बायबलात मात्र दोन्हीकडं याकोब. आमचा कारकून इंग्रजी बायबलासारखा वागला, एवढंच.

आमच्याकडं ही नावं फिरंग्यांच्या गलबतांतून आली. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि दोनशे वर्षं ती त्यांच्याकडं राहिली. सेबास्तियांवचा बस्त्याव झाला, नाताळात जन्मलेला नातल, ईस्टरचा पास्कू. पाद्री म्हणजे पोर्तुगीज 'पाद्रे', बाप. क्रूस, फेस्त (म्हणजे सण), नाताळ हे शब्दही तिकडचेच. पण यातले पाद्री, क्रूस आणि नाताळ आता साऱ्या महाराष्ट्राचे आहेत. आमच्या वसईतल्या रमेदीचं नाव कुठून आलं, ते मला पन्नाशीत कळलं. तिथलं देऊळ 'रेमेदियुश'च्या मातेचं, म्हणजे दुखण्यावर उपाय देणाऱ्या मातेचं. आजीला पोर्तुगीजचं अक्षर ठाऊक नव्हतं, पण पोर आजारी पडलं की ती मेणबत्ती घेऊन रमेदीलाच जायची.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. "फिरंगी गेले, घंटा गेल्या, आपण राहिलो," हा आजीचा इतिहास. मला तो म्हातारीचा अतिशयोक्त कारभार वाटे. मग एकदा नाशिकला नारोशंकराच्या देवळापुढं उभा राहिलो. वेशीवर टांगलेली ती अवजड घंटा वसईची, तिच्यावरचा आकडा १७२१. शेजारी एक मुलगा वडिलांना विचारत होता, ही एवढी मोठी कशाला? मी गप्प राहिलो.

वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ साली संत ठरला. त्याला कुणी पाद्री म्हटलं की आजी लगेच दुरुस्त करायची, "तो पाद्री नव्हे, ब्रदर. मिस्सा नाही सांगायचा." दीक्षेच्या पायऱ्या तिला तलाठ्याला सातबारा असतो तशा पाठ होत्या. एका तरुण फादरनं तिला सांगितलं, बिशप हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ देखरेख करणारा. "म्हणजे मुकादम," ती म्हणाली. डीकन म्हणजे सेवक. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत पाद्रीला पाळक म्हणतात, हे तिला फार आवडलं. लॅटिन 'पास्तोर'चा अर्थही गुरं-मेंढरं राखणाराच. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, हा शब्द तर तिच्या शेवटी लोकांना घरी जा म्हणण्यावरून आलाय. त्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

ती मिस्सा साठच्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होई. आजी उत्तरं बिनचूक द्यायची, अर्थ एकाही शब्दाचा माहीत नसताना. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मराठी आली. पहिल्या मराठी मिस्सेहून परतताना ती म्हणाली, "आता जपून बोलायला हवं. देवाला मराठी कळायला लागलं."

कारकुनाला शेवटी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात लिहिलंय : जेम्स आणि जेकब ही एकाच व्यक्तीची नावे आहेत. जाकूचा उल्लेख त्यात नाही. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तुमच्या घरात असं माणूस असेल, तर त्याच्याकडून सगळ्यांची नावं वहीत उतरवून घ्या. दाखल्यावर ती सापडत नाहीत.