सिडनी ते होबार्ट : एका शर्यतीची आणि तिच्या रेडिओची वाटचाल

दरवर्षी २६ डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनी बंदरात तोफ उडते आणि शिडाच्या नौका टास्मानियाच्या दिशेने निघतात. होबार्टपर्यंतचे अंतर ६२८ सागरी मैल. आधी न्यू साउथ वेल्सचा किनारा, मग बासची सामुद्रधुनी, मग टास्मानियाचा पूर्व किनारा, आणि शेवटी वाऱ्याची हमखास वाट पाहायला लावणारी डरवेंट नदी. कोण पहिले आले, कुणी विक्रम मोडला, याच्या बातम्या सगळीकडे येतात. पण गेल्या आठ दशकांत ही शर्यत खरी बदलली ती दोन गोष्टींमुळे : रेडिओवर कुणी, कधी, काय बोलायचे, आणि बोलण्याची सक्ती कितपत करायची.

‘क्रूझिंग यॉट क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया’ १९४४ साली स्थापन झाला तो निवांत सागरभटकंतीची हौस असलेल्यांचा क्लब म्हणून. १९४५ साली काही सभासदांनी नाताळच्या सुट्टीत होबार्टपर्यंत रमतगमत जायचा बेत केला. ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन जॉन इलिंगवर्थ तेव्हा सिडनीत होते. त्यांनाही आमंत्रण गेले. शर्यत करणार असाल तर येतो, अशी त्यांनी अट घातली आणि सहलीची शर्यत झाली.

१९४५च्या त्या पहिल्या शर्यतीत नऊ नौका होत्या. लगेचच वादळ आले. बाकीच्यांनी शिडे उतरवली, कुणी आडोसा गाठला. इलिंगवर्थ मात्र आपली ३५ फुटी ‘रानी’ हाकतच राहिले. रानीशी रेडिओ संपर्क नव्हता. हवाई दलाच्या विमानाला ती सापडेना, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला बेपत्ता ठरवले. रानी बुडालेली नव्हती. विमान शोधत होते त्याच्या बरीच पुढे निघून गेली होती. सहा दिवस, १४ तास आणि २२ मिनिटांत ती होबार्टला पोहोचली आणि जिंकली. सर्वांत शेवटी आलेल्या ‘वेफेअरर’ला अकरा दिवसांहून अधिक लागले. नऊ नौकांपैकी एकीचे नाव होते ‘विन्स्टन चर्चिल’. तिचा उल्लेख पुढे येईल.

किनाऱ्यावरची रेडिओ केंद्रे शर्यतीहून जुनी. ऑस्ट्रेलियाच्या किनारी केंद्रांची साखळी १९१२पासून उभी राहू लागली. १९४६ साली सरकारने नेमलेल्या ओव्हरसीज टेलिकम्युनिकेशन्स कमिशनकडे ती गेली. तिथल्या ऑपरेटरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटावे असे : ठरल्या वेळी हवामान वाचायचे, धोक्याचा इशारा आला की तो पुन्हापुन्हा सांगायचा, आणि उरलेला वेळ ऐकत बसायचे. रेडिओखोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यानंतरची तीन-तीन मिनिटे हिरव्या पट्ट्याने रंगवलेली असत. काटा त्या पट्ट्यात शिरला की २१८२ किलोहर्ट्झवर कुणी बोलायचे नाही. क्षीण आवाजात कुणी मदत मागत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. तारेच्या ५०० किलोहर्ट्झसाठी असेच लाल पट्टे होते. सागरी सुरक्षेतला मला सर्वांत आवडणारा नियम हाच. जगभरच्या जहाजांनी तो दशकानुदशके पाळला.

शर्यतीने या व्यवस्थेत स्वतःची भर घातली ती ‘स्केड’ची. ताफ्याबरोबर एक रेडिओ-नौका चालते. ठरलेल्या वेळी तिच्यावरचा निवेदक वर्णानुक्रमे एकेका नौकेचे नाव पुकारतो आणि नौकेने आपले अक्षांश-रेखांश सांगायचे. हजेरीच ती. उत्तर आले नाही तर नावापुढे खूण. शंभरावर नौका असल्या की हे काम तासाहूनही लांबते. या हजेरीत एक अलिखित रीत पडून गेली होती : ठिकाण सांगायचे, वारा सांगायचा नाही. आपल्याला कुठे किती वारा लागला हे प्रतिस्पर्ध्याला फुकट कोण सांगेल? शर्यत म्हणून हे बरोबरच होते, आणि सगळ्या ताफ्याने ऐकावी अशी माहितीही नेमकी तीच होती.

१९८४ साली १५० नौका निघाल्या, वादळामुळे ४६च पोहोचल्या. १९९३ साली १०४ निघाल्या आणि ३८ पोहोचल्या. एक कर्णधार पाण्यात पडला आणि रात्रीच्या अंधारात सुमारे पाच तासांनी जिवंत सापडला. त्या वर्षी कुणी दगावले नाही, आणि माझ्या मते तोच घात झाला. इतक्या नौका माघारी येऊनही सगळे सुखरूप परतले म्हटल्यावर व्यवस्था ठीक आहे असेच वाटत राहते. १९९४ साली पन्नासावी शर्यत म्हणून विक्रमी ३७१ नौका उतरल्या.

मग १९९८. ताफा ११५ नौकांचा. नौका निघाल्यावर सव्वा तासाने, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास, हवामान खात्याने ‘स्टॉर्म’चा इशारा दिला. सागरी हवामानाच्या भाषेत ‘गेल’ म्हणजे ३४ ते ४७ नॉट वारा आणि ‘स्टॉर्म’ म्हणजे त्याहून वरचा, ४८च्या पुढचा. ताफ्यातल्या अनेकांना या दोहोंत वरचढ कोणता हेच नीट माहीत नव्हते. शिवाय इशाऱ्यात येतो तो सरासरी वारा. त्यातला एखादा झोत सरासरीच्या ४० टक्के वर जाऊ शकतो आणि एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते. हवामानतज्ज्ञाला हे पाठ असते. सुकाणूवरच्या माणसाला ते कुणी सांगितले नव्हते.

बासची सामुद्रधुनी उथळ आहे, बहुतेक ठिकाणी ५०-६० मीटरच खोल. पूर्व किनाऱ्यालगत उबदार प्रवाह दक्षिणेकडे वेगाने वाहतो आणि वादळाचा वारा नैर्ऋत्येकडून त्याच्या तोंडावर येतो. प्रवाह आणि वारा असे भिडले की लाटा नुसत्या उंच होत नाहीत, उभ्या होतात आणि माथ्यावर फुटतात. २७ तारखेला तेच झाले. जवळच्या विल्सन्स प्रॉमंटरीवर ९२ नॉटचा झोत नोंदला गेला.

त्या दुपारी दोनच्या स्केडला रेडिओ-नौका होती नौदलाचे प्रशिक्षण जहाज ‘यंग एंडेव्हर’, आणि निवेदक होते ल्यू कार्टर. ‘स्वोर्ड ऑफ ओरायन’ने आपले ठिकाण सांगितले आणि रीत मोडून वाराही सांगितला : ५० ते ६० नॉट, झोत ७८पर्यंत. ७८ नॉट म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. कार्टरनी ती माहिती सगळ्या ताफ्याला ऐकवली आणि पुढे जायचे की नाही याचा नीट विचार करा, निर्णय तुमचा आहे, अशी कर्णधारांना आठवण करून दिली. ते ऐकून अनेक नौका माघारी वळल्या. शर्यतीच्या इतिहासात यापेक्षा मोलाचे निवेदन झालेले नाही. स्वोर्ड ऑफ ओरायन स्वतःही वळली, पण लाटेने तिला उलथवले. ब्रिटनचा ऑलिंपिक खलाशी ग्लिन चार्ल्स वाहून गेला. डोलकाठी मोडलेल्या त्या नौकेने जवळून जाणाऱ्या एका नौकेला दारूचा बाण सोडून खूण केली. ती नौका थांबली नाही. वळलो असतो तर आमचीच माणसे धोक्यात आली असती, असे तिच्या कर्णधाराचे म्हणणे होते. संकटातल्याला शक्य तेवढी मदत करावी हा यॉट शर्यतींच्या नियमांतला अगदी पहिला नियम. ‘शक्य तेवढी’ म्हणजे किती, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

१९४५च्या पहिल्या शर्यतीतली विन्स्टन चर्चिलही त्या ताफ्यात होती. लाटेने तिची फळी निखळली. तिचा ‘मेडे’ ऐकू गेला, पण सांगितलेले ठिकाण अंदाजाचे होते. नऊ जण दोन तराफ्यांवर उतरले. रात्री एका तराफ्यावर लाट कोसळली आणि पाचांतले तिघे गेले. ‘बिझनेस पोस्ट नायड’वर आणखी दोघे दगावले. एकूण सहा मृत्यू, पाच नौका बुडाल्या, ५५ जणांना हेलिकॉप्टर आणि जहाजांनी वाचवले, ४४ नौका होबार्टला पोहोचल्या. संकटसूचक बीकन इतके वाजत होते की कुठला कुणाचा हे उमगेना. जुन्या पद्धतीच्या बीकनमध्ये ओळख क्रमांकच नसे. या सगळ्यात एकंदर विजेती ठरली ‘एएफआर मिडनाइट रॅम्बलर’, अवघी ३५ फुटी. वळताना लाट कुशीवर घ्यावी लागेल, त्यापेक्षा समोरून घेत पुढे गेलेले बरे, असा तिच्या कर्णधाराचा हिशेब होता. त्यामुळे ‘लहान नौकांनी परतावे’ असा सोपा धडा या वादळातून काढता येत नाही.

चौकशी अधिकारी जॉन ॲबरनेथी यांचा अहवाल डिसेंबर २०००मध्ये आला. शर्यत चालवणाऱ्यांनी जबाबदारी नीट पार पाडली नाही असा ठपका त्यात होता आणि हवामान खात्यालाही सूचना होत्या. आज ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक किनारी अंदाजाबरोबर झोत ४० टक्के अधिक असू शकतात आणि लाट दुप्पट असू शकते, हे वाक्य येते. वाक्य एवढेच, पण ते सहा जणांच्या मृत्यूनंतर आले. क्लबने निम्म्या खलाशांना सागरी बचावाचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि किमान वय १८ ठरवले. ओळख क्रमांक देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे बीकन आले.

माझ्या मते सर्वांत शहाणा बदल ग्रीन केपचा. ईडन बंदराच्या दक्षिणेला हे दीपगृहाचे टोक आहे. त्यानंतर मोकळी सामुद्रधुनी, मागे वळून गाठावे असे बंदर शेवटचे ईडनच. ग्रीन केप ओलांडण्यापूर्वी प्रत्येक कर्णधाराने सांगायचे : रेडिओ चालू आहे, तराफे नौकेवर आहेत, इंजिन आणि बॅटऱ्या ठीक आहेत, नौका व माणसे चांगल्या स्थितीत आहेत, ताज्या अंदाजाचा मी पूर्ण विचार केला आहे आणि त्या हवामानासाठी आम्ही तयार आहोत. शर्यतींचे नियम सांगतात की शर्यतीत उतरायचे की नाही आणि चालू ठेवायची की सोडायची, ही जबाबदारी सर्वस्वी त्या नौकेची. क्लबने ती काढून घेतली नाही. फक्त ती मोठ्याने बोलायला लावली. आपल्याकडे कोकण किनाऱ्याला ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ असा इशारा येतो; पोटासाठी जाणाऱ्या माणसाला असेच स्पष्ट सांगायला हवे. हौसेने जाणाऱ्याला आकडे द्यावेत आणि उत्तर त्याच्याकडून वदवून घ्यावे, हे मला पटते.

रेडिओवर काय विचारू नये, याचाही नियम आहे. बाहेरची मदत घ्यायची नाही. सगळ्यांना मोकळेपणी मिळणारी माहिती मात्र चालते. किनाऱ्याचे हवामान निवेदन ऐका, पण खासगी तज्ज्ञाकडून आपल्यापुरता सल्ला घेऊ नका. २०११ साली ‘इन्व्हेस्टेक लॉयल’ने ‘वाइल्ड ओट्स इलेव्हन’ला अवघ्या तीन मिनिटांनी मागे टाकले. लॉयलवरच्या कुणी तरी वृत्तवाहिनीच्या हेलिकॉप्टरला रेडिओवर विचारले होते की वाइल्ड ओट्सने वादळी शीड लावले आहे का. ध्वनिमुद्रण निघाले आणि शर्यत समितीनेच तक्रार केली. विचारणारा शिडे बनवणाऱ्या कंपनीचा होता. आपण बनवलेल्या शिडाची काळजी म्हणून विचारले, असे त्याने सांगितले. पंचांनी तक्रार फेटाळली. पुढे एकदा पंचांनी निकाल फिरवलाही, पण तो रेडिओमुळे नव्हे : २०१७ साली वाइल्ड ओट्स पहिली आली, पण सिडनी बंदरातच तिने उजवीकडून वारा घेऊन येणाऱ्या ‘एलडीव्ही कोमांचे’ला वाट दिली नव्हती. पंचांनी एक तासाचा दंड केला आणि पहिलेपण व एक दिवस ९ तास १५ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम कोमांचेकडे गेला.

किनाऱ्यावरची जुनी केंद्रे मात्र राहिली नाहीत. जहाजांवर उपग्रह संपर्क आला आणि २००२च्या मध्यात टेलस्ट्राने आपली किनारी रेडिओ सेवा बंद केली. आता लांब पल्ल्याच्या रेडिओवरचा सागरी हवामान अंदाज क्वीन्सलंडमधल्या चार्लव्हिल आणि पश्चिमेकडच्या विलुना इथून प्रसारित होतो. दोन्ही गावे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, रखरखीत मुलखात. किनाऱ्याजवळचे काम राज्ये आणि स्वयंसेवी केंद्रे करतात. होबार्टची ‘तास मॅरिटाइम रेडिओ’ स्वयंसेवकांवर चालते. ऑस्ट्रेलियाच्या सागरी बचावव्यवस्थेशी आपला एकदा थेट संबंध आला. २०१८च्या सप्टेंबरमध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारताच्या अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात मोडली. पाठ दुखावून ते पडून होते. त्यांच्या शोधाचे समन्वयन झाले ते कॅनबेराच्या बचाव-समन्वय केंद्रातून, आणि त्यांना उचलले फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती नौकेने.

२०२०ची शर्यत कोविडमुळे रद्द झाली. सुरू झाल्यापासून असे पहिल्यांदाच घडले. २०२४ साली दोन वेगवेगळ्या नौकांवर एकेक खलाशी शिडाच्या आडव्या दांड्याच्या किंवा दोरीच्या फटक्याने दगावला. तिसऱ्या नौकेवरून पडलेला एक जण सुमारे तासाभराने सापडला. अंगावरच्या बीकनने त्याचा ठावठिकाणा दिला.

हल्ली प्रत्येक नौकेवर ट्रॅकर असतो आणि नकाशावर तिचा ठिपका सरकताना घरबसल्या दिसतो. पाहायचे असेल तर २६ डिसेंबरला सकाळी साडेसात वाजता, भारतीय वेळेनुसार, शर्यत सुटते. विक्रमवीर मोठ्या नौका सोडा आणि मागून येणाऱ्या ३०-३५ फुटी नौकांवर नजर ठेवा. त्या ग्रीन केपपाशी पोहोचतात तेव्हा वारा किती आहे आणि त्यातल्या कोणत्या ईडनकडे वळतात, हे बघण्यासारखे असते.