नळदुर्गचा धबधबा आणि त्यातला माणूस

नळदुर्ग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच देखावा येतो : भर पावसाळा, बोरी नदीला पूर, आणि किल्ल्यातल्या धरणावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. आमच्या युनियनच्या कचेरीतही हाच फोटो बरीच वर्षे टांगलेला होता. एकदा वर्गणी भरायला आलेल्या एका ऊसतोड कामगाराने तो निरखून पाहिला आणि विचारले, "अण्णा, ह्यात माणूस कुठं हाय?"

आम्ही निरुत्तर झालो. शाळा आमची सातवीतच सुटलेली. पण त्या प्रश्नापायी छायाचित्रणाच्या इतिहासाची पुस्तके चाळावी लागली.

अर्धे उत्तर काचेत आहे. १८५०-६० च्या सुमारास ओल्या काचेवर उजेड कित्येक सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात चालता माणूस पुसट होई, पडते पाणी कापसासारखे दिसे. निळा रंग त्या काचेवर फार जोरात उमटे, म्हणून आभाळ कोरे पांढरे येई. मग कलावंत दुसऱ्या काचेवरचे ढग आणून जोडीत! उरलेले अर्धे उत्तर आवडीत आहे. विलायतेत हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ साली छायाचित्र चित्रासारखे कसे साधावे याचे पुस्तकच लिहिले. पुढे काचा सुधारल्या. पण डोंगर, पाणी, आणि कडेला उंची कळण्यापुरता एखादा माणूस, हा साचा राहिला तो राहिलाच.

आपल्या निजामी मुलखात कॅमेरा गाजवला तो लाला दीनदयाळ यांनी. जन्म १८४४ चा, शिक्षण रुरकीच्या कॉलेजात, नोकरी इंदूरच्या बांधकाम खात्यात. म्हणजे मूळचा पगारदार माणूस, याचे आम्हांला अंमळ कौतुक वाटते. पुढे ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. किल्ले, लेणी, राजवाडे त्यांनी टिपले. आणि शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडे दुष्काळ पडला तेव्हा मदतकार्याचीही छायाचित्रे काढली. तिथे माणसे आहेत, पण सरकार काय करते आहे हे दाखवण्यापुरती. देखावे वेगळे आणि माणसे वेगळी, अशी ही वाटणी.

गेल्या वैशाखात आम्ही कॅमेऱ्याचा नाद असलेल्या दोन तरुण सभासदांना नळदुर्गला नेले. धबधबे कोरडे. पोरे हिरमुसली. पण पाणी नव्हते म्हणूनच धरण दिसले! इब्राहिम आदिलशहा दुसरा (१५८०–१६२७) याच्या काळचे हे बांधकाम, पोटात पाणीमहाल. कलत्या उन्हात त्याचा दगड न् दगड सुटा दिसत होता. खाली पात्रातल्या डबक्यावर एक बाई म्हशींना पाणी पाजत होती. फोटोसाठी तिला विचारले, तर म्हणाली, "काढा की, पर म्हसरंबी येऊ द्या."

आता कचेरीत तो फोटो आहे. यंदा हंगाम संपवून तोच ऊसतोड कामगार आला, समोर थांबला आणि धरणाच्या वरच्या थरावर बोट ठेवून म्हणाला, "अण्णा, ही दगडं तितं वर कशी नेली आसतील?" तासभर त्याच्यावरच बोलणे चालले, वर्गणी राहूनच गेली.