एका संसाराची कैफियत

 मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास शोधू जाता मिशनच्या दप्तरांपेक्षा एका संसाराची कैफियतच अधिक बोलकी ठरते. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीस या नव्या श्रद्धेत लाभलेले समाधान पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्यास मात्र दीर्घ वियोग, लोकापवाद आणि अश्रू होऊनच आले. ज्या घरी वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, त्या घरची ही लेक! जातिभेद ईश्वरकृत नव्हे, असा निवाडा तिने आपल्याच मनाशी केला, कोणाच्याही हातचे पाणी ग्राह्य मानले, आणि पुढे १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते हे दुसरे धर्मांतर पहिल्याहून दुष्कर होय. टिळकांपाशी काव्य होते, विद्वत्ता होती, तिच्यापाशी केवळ स्वतःचा विवेक. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही मज्जाव ठेवला नाही. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.