मोबाईलच्या कॅमेऱ्यातल्या त्या चार रेषा कशासाठी असतात? फोटोतलं 'कॉम्पोझिशन' म्हणजे नेमकं काय?

मोबाईलच्या कॅमेऱ्यात 'ग्रिड' चालू केलं की स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा दिसतात. फोटोत त्या उमटत नाहीत, त्यामुळे अनेकजण त्या बंदच ठेवतात. पण फोटो चांगला का दिसतो, या जुन्या प्रश्नाचं एक छोटं उत्तर या रेषांमध्ये आहे. या सगळ्याला म्हणतात कॉम्पोझिशन, म्हणजेच चित्राची किंवा फोटोची रचना.

कॉम्पोझिशन म्हणजे काय?

चौकटीत काय घ्यायचं, ते कुठे ठेवायचं आणि काय बाहेर सोडायचं, हे ठरवणं म्हणजे कॉम्पोझिशन. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणून ठेवतो. फोटोग्राफरचं काम उलटं असतं. त्याच्यासमोर सगळं आधीच असतं, त्यातलं नको ते त्याला गाळावं लागतं. एक पाऊल पुढे टाकलं, गुडघ्यावर बसलं किंवा कॅमेरा थोडा वळवला, तरी तेच दृश्य वेगळं दिसतं.

'रूल ऑफ थर्ड्स' आला कुठून?

ग्रिडच्या चार रेषा चौकटीचे नऊ सारखे भाग करतात. महत्त्वाची गोष्ट अगदी मधोमध न ठेवता या रेषांवर किंवा त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवावी, असा हा नियम सांगतो. समुद्राचा फोटो काढताना क्षितिज मधोमध आलं तर फोटोचे दोन सारखे तुकडे पडतात आणि पाहायचं आकाश की पाणी, हे कळत नाही. क्षितिज खालच्या रेषेवर आणलं की फोटो आकाशाचा होतो, वरच्या रेषेवर नेलं की पाण्याचा.

हा नियम कॅमेऱ्यापेक्षाही जुना आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 साली ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या आपल्या पुस्तकात एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या प्रमाणाला हे नाव दिलं. तेव्हा फोटोग्राफीचा शोधही लागलेला नव्हता.

मग मधोमध काही ठेवायचंच नाही का?

तसं नाही. लिओनार्दो दा विंचीच्या मिलानमधल्या 'द लास्ट सपर' या भित्तिचित्रात येशू बरोबर मध्यभागी आहे. भिंतींच्या आणि छताच्या रेषा त्याच्या डोक्यापाशी एकत्र येतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन शिष्यांचे दोन-दोन गट आहेत. त्यामुळे आपली नजर कुठूनही निघाली तरी येशूपाशी पोहोचते.

नजर वळवण्याचं काम प्रकाशही करतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं जलरंगातलं चित्र याचं उत्तम उदाहरण आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री दुसऱ्या हाताने त्याला आडोसा करते आहे. उजेड फक्त तिच्या बोटांवर, चेहऱ्यावर आणि साडीवर पडतो. बाकी अंधार असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे जातच नाही.

चौकटीबाहेर काय राहतं?

कॉम्पोझिशनची खरी ताकद इथे दिसते. मार्च 1936. अमेरिकेत महामंदी सुरू होती. सरकारी संस्थेसाठी काम करणाऱ्या डोरोथिया लँग कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबल्या. एका तंबूत एक आई मुलांसह बसली होती. लँग यांनी लांबून सुरुवात केली आणि फोटो काढत काढत जवळ गेल्या.

आधीच्या फोटोंत तंबू, सामान, आजूबाजूची मोकळी जागा दिसते. शेवटी गाजलेल्या 'मायग्रंट मदर'मध्ये यातलं जवळपास काहीच उरलं नाही. दोन मुलं आईच्या खांद्यांवर रेललेली आहेत, पण त्यांची तोंडं मागे वळलेली आहेत. मांडीवर तान्हं बाळ आहे. त्यामुळे आपल्याला वाचता येतो असा एकच चेहरा उरतो, तो आईचा. गालाजवळ गेलेला तिचा हातही नजरेला तिकडेच नेतो. कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता. तो लक्ष वेधून घेतो म्हणून लँग यांनी नंतर पुसून टाकायला लावला.

हे फोटो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने तळावर सुमारे 9 हजार किलो अन्न पाठवलं. पण तोपर्यंत हे कुटुंब तिथून निघून गेलं होतं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन आहे, हे जगाला 1978 मध्ये कळलं. आपला फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यातून त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. या कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतलं, असं लँग यांनी लिहून ठेवलं होतं. कुटुंबाने ते नाकारलं. गाडी बिघडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत ते तिथे थांबले होते.

त्या फोटोतलं दारिद्र्य खरं होतं, चिंताही खरी होती. पण ती बाई कोण, तिथे का थांबली, पुढे कुठे गेली, हे चौकटीत मावलं नाही. जवळ गेल्यामुळेच फोटो प्रभावी झाला आणि जवळ गेल्यामुळेच या गोष्टी बाहेर राहिल्या.

फोटो काढताना काय लक्षात ठेवाल?

- बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडा पाहा. डोक्यामागून निघालेला विजेचा खांब किंवा कापला गेलेला हात तिथेच सापडतो.
- माणूस ज्या दिशेला बघतोय, त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा.
- लहान मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर बसून काढा.
- झूम करण्याआधी दोन पावलं पुढे जाऊन पाहा.

आणि दुसऱ्याने काढलेला एखादा फोटो पाहून राग आला किंवा डोळ्यांत पाणी आलं, तर शेअर करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या चौकटीच्या बाहेर काय असेल?