भुंगेऱ्याचं डोकं कोण ठरवतं? एका न सापडलेल्या जनुकाचा इतिहास

पीठ चाळताना निघणारा छोटासा तांबूस-तपकिरी किडा तुम्ही पाहिलाच असेल. हा एक भुंगेरा आहे, नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. धान्य साठवणाऱ्यांना नकोसा, पण भ्रूणविकासाच्या प्रयोगशाळांत त्याला मोठा मान. त्याच्या अंड्याबद्दलच्या एका प्रश्नाचा इतिहास आज बघू. प्रश्न साधा आहे: डोकं कुठल्या टोकाला आणि शेपूट कुठल्या, हे अंड्याला कोण सांगतं?

सुरुवात मात्र फळमाशीपासून करावी लागते. १९८० मध्ये क्रिस्टियान न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या भ्रूणातले खंड बिघडवणारी जनुकं शोधल्याचं प्रसिद्ध केलं. (१९९५ चं नोबेल याच कामासाठी, एडवर्ड लुइस यांच्यासोबत.) त्याच वाटेवर पुढे 'बायकॉइड' हे जनुक प्रसिद्धीला आलं. मादी अंडं घडवत असतानाच या जनुकाचा आरएनए अंड्याच्या पुढच्या टोकाला साठवते. अंडं घातलं की त्यापासून प्रथिन बनतं, पुढे दाट आणि मागे विरळ. या चढउतारावरून भ्रूणाची स्वतःची जनुकं आपापल्या जागी चालू होतात. आईतच बायकॉइड बिघडलेलं असेल, तर भ्रूणात डोकं आणि छाती तयारच होत नाहीत.

इतकी सुटसुटीत गोष्ट हाती आल्यावर 'कीटकांमध्ये असंच होत असणार' असं वाटणं साहजिक होतं. पण भुंगेऱ्याची तऱ्हा वेगळी. फळमाशी सगळे खंड जवळपास एकदमच आखते. ट्रायबोलियममध्ये आधी डोकं-छातीचा आराखडा पडतो, आणि पोटाचे खंड मागच्या वाढीच्या भागातून एकामागून एक जोडले जातात. ही पद्धत कीटकांमध्ये जास्त जुनी मानली जाते.

तरीही भुंगेऱ्यात बायकॉइड शोधायला सबळ कारण होतं. १९९८ मध्ये वोल्फ, क्लिंगलर, टाउट्झ आणि सहकाऱ्यांनी ट्रायबोलियमचं 'कॉडल' हे जनुक फळमाशीत घातलं. माशीच्या बायकॉइडने त्याच्यावर ताबा मिळवला! मग भुंगेऱ्यातही बायकॉइडसारखं काहीतरी असणारच, हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही.

पण पुढच्याच वर्षी श्टाउबर, येक्ले आणि श्मिट-ओट यांनी दाखवलं, की बायकॉइड हे 'झेन' नावाच्या जुन्या जनुकाची प्रत होऊन, बदलत बदलत तयार झालं आहे. आणि ते फक्त माशांच्या एका प्रगत गटात आढळतं. २००१ मध्ये ट्रायबोलियमच्या जनुकसंचातला तो भाग वाचला गेला. तिथे बायकॉइड नव्हतं. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं आदर्श उदाहरण हाच अपवाद निघाला.

मग भुंगेऱ्यात हे काम कोण करतं? इथे एक तंत्र मदतीला आलं. २००२ मध्ये बुखर, शोल्टन आणि क्लिंगलर यांनी दाखवलं, की मादीच्या कोषालाच दुपदरी आरएनए टोचला, तर तिच्या पिल्लांमध्ये ते जनुक दाबलं जातं. आता आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएचं कामही तपासता येऊ लागलं.

२००३ मध्ये राइनहार्ड श्र्योडर यांनी 'ऑर्थोडेंटिकल' आणि 'हंचबॅक' ही दोन्ही जनुकं दाबली. डोकं गेलं, छाती गेली, पोटाचा पुढचा भागही गेला. निष्कर्ष असा, की बायकॉइडची जागा ही दोघं मिळून भरतात. सगळं जुळलं, नाही का?

थांबा. २०१० मध्ये कोटकांप, क्लिंगलर आणि शॉपमायर यांनी हाच परिणाम पुन्हा तपासला. ऑर्थोडेंटिकल दाबल्यावर पाठ-पोट अशी मांडणीच बिघडत होती, आणि डोकं जाण्यामागे बराचसा तोच बिघाड होता. निरीक्षण टिकलं, त्याचा अर्थ बदलला.

२०१२ मध्ये 'अॅक्झिन' सापडलं. त्याचा आरएनए खरोखरच अंड्याच्या पुढच्या टोकाला असतो आणि तिथे तो व्हिंट संदेश दाबून ठेवतो. २०१८ मध्ये अन्सारी आणि सहकाऱ्यांनी चित्र आणखी स्पष्ट केलं. आईकडून आलेलं 'जर्म सेल-लेस' अॅक्झिनला जागेवर ठेवतं, पण भ्रूणाची स्वतःची 'होमिओब्रेन' आणि 'झेन-१' ही जनुकंही लागतात. ही दोन्ही एकत्र दाबली, की डोक्याच्या जागी दुसरं पोट वाढतं. गंमत बघा: ज्या झेनपासून माशीत बायकॉइड तयार झालं, तेच कुळ भुंगेऱ्यात पुढच्या टोकाचं काम सांभाळतंय. आणि निर्णय एकट्या आईचा नाही, भ्रूणाचाही त्यात वाटा आहे. व्हिंटचा असा वापर पाठीच्या कण्याच्या प्राण्यांशी जुळतो.

संशोधनाची तयारी करताना हा इतिहास का वाचायचा? कारण तुमच्या प्रस्तावातही 'अमुक प्राण्यात असं होतं, म्हणून इथेही असेल' असं एखादं वाक्य असणारच. ते काढू नका, पण त्याखाली दोन प्रश्न लिहून ठेवा. ते जनुक माझ्या प्राण्यात मुळात आहे का? आणि ते दाबल्यावर दिसलेला परिणाम थेट त्याचाच आहे, की वाटेत दुसरंच काही बिघडलंय? पहिल्या प्रश्नाला १९९८ ते २००१ अशी तीन वर्षं लागली, दुसऱ्याला २००३ ते २०१० अशी सात. दोन्ही वेळा काम करणारे लोक हुशारच होते.